साथीच्या दारात उपयोगी पडणारं पान

गोवराचा संशय आला की मी आधी कॅलेंडर समोर घेते. पुरळ उठलेल्या दिवसावर खूण करते आणि मागे-पुढे चार-चार दिवस मोजते. एवढ्या काळात त्या मुलाकडून इतरांना लागण होऊ शकते. तेव्हा ते अंगणवाडीत होतं की लग्नघरी, याची चौकशी होते आणि संपर्कातल्या मुलांची यादी तयार होते. लस न घेतलेल्या मुलाला संपर्कानंतर ७२ तासांत लस दिली, तर आजार टळू शकतो. "मॅडम, आधी कुणाकडे जायचं?" या आरोग्यसेविकेच्या प्रश्नाचं उत्तर याच हिशेबातून निघतं.

असा हिशेब हाताशी असावा, ही गरज अमेरिकेतल्या न्यूटन शहराचे आरोग्याधिकारी डॉ. फ्रान्सिस कर्टिस यांना जाणवली होती. त्यांच्या प्रयत्नांतून १९१७ मध्ये ३८ रोगांची, जेमतेम ३० पानांची पुस्तिका निघाली. पुढे अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशननं तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढल्या. १९७० पासून पाव शतक डॉ. अब्राम बेनेन्सन संपादक होते. आमच्या पिढीतले अनेक डॉक्टर ते पुस्तक 'बेनेन्सन' म्हणूनच मागतात.

या पुस्तकाची खरी ताकद त्याच्या मांडणीत आहे. रोग कसा ओळखायचा, जंतू कोणता, त्याचा आसरा कुठं, तो पसरतो कसा, लागणीपासून लक्षणं दिसेपर्यंतचा अधिशयन काळ किती, रुग्णापासून धोका कधीपर्यंत आणि शेवटी रुग्ण, संपर्कातली माणसं, परिसर यांच्याबाबत काय करायचं, हे सारं ठरलेल्या क्रमानं येतं. कॉलरा असो वा रेबीज, मजकूर कुठं शोधायचा हे डोळ्यांना ठाऊक असतं. घाईच्या वेळी ही सवय फार मोलाची ठरते.

मथळे ओळखीचे राहतात, त्यांखालचं ज्ञान मात्र बदलतं. गोवराचा विषाणू १९५४ मध्ये वेगळा करता आला, लस १९६३ मध्ये आली. त्याआधीच्या आरोग्याधिकाऱ्याच्या हाती मुख्यतः रुग्णाला वेगळं ठेवणंच होतं. १९७६ मध्ये लीजनेअर रोग आणि १९८१ मध्ये एड्स प्रथम नोंदले गेले, आणि ग्रंथात नव्या नोंदींची भर पडली. देवीचं निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झालं, तरी तिची नोंद राहिली. रोग गेला म्हणून तो ओळखण्याची विद्या टाकून देता येत नाही.

म्हणून कपाटातलं पुस्तक उघडताना मी आवृत्तीचं साल आधी बघते. जुनी आवृत्ती इतिहास म्हणून जपावी, पण औषध आणि लसीचा निर्णय ताज्या आवृत्तीवर आणि चालू सरकारी सूचनांवरच घ्यावा.

कर्टिस यांची पुस्तिका प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी होती. आपल्याकडे साथीत पहिलं दार ठोठावते ती आशाताई किंवा आरोग्यसेविका. तिच्या पिशवीत मावेल अशी, सोप्या मराठीतली आणि नेमानं सुधारली जाणारी पुस्तिका तिला मिळायलाच हवी. ७२ तासांतला एकही तास भाषेपायी वाया जाता कामा नये.