बॅल्बोआ उद्यानातील माया शिलास्तंभांच्या प्रतिकृती

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या बॅल्बोआ उद्यानात, कॅलिफोर्निया बिल्डिंग या घुमटाच्या वास्तूत, माया लोकांचे कोरीव शिलास्तंभ उभे आहेत. ते अस्सल पाषाण नव्हेत; ग्वातेमालातील किरिग्वा या प्राचीन नगराच्या स्मारकांच्या त्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत. प्रतिकृती म्हटली की अभ्यासकाची दृष्टी सहसा तिच्यावरून पुढे सरकते. येथे मात्र तसे करणे चुकीचे ठरेल.

किरिग्वा हे मोताग्वा नदीच्या खोऱ्यातील लहानसे नगर, दक्षिणेकडील कोपानच्या अंकित. इ. स. 725च्या सुमारास कोपानच्या राजाच्याच देखरेखीखाली तेथे काक तिलिव चान योपात गादीवर बसला आणि 738मध्ये त्याने त्याच अधिराजाला पकडून ठार केले. विजयानंतर त्याने वालुकाश्माचे जे स्तंभ उभारले, त्यांपैकी 'ई' या अक्षराने ओळखला जाणारा स्तंभ जमिनीत पुरलेल्या भागासह 10.6 मीटर लांब आहे. दर्शनी व मागील बाजूंस राजाची आकृती व कुशींवर लेख, अशी त्याची रचना आहे. लेखातील 9 बाकतुन व 17 कातुन ही कालगणना, म्हणजे आरंभदिनापासून 14,18,400 दिवस, इ. स. 771 दर्शविते.

1915च्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनासाठी एडगर हेवेट यांच्या योजनेनुसार या स्मारकांचे साचे घेण्यात आले. 1914मध्ये हे काम नील जड यांनी पाहिले. खोल कोरीवकामात प्लास्टरचा कठीण साचा अडकतो; तो काढताना साचा तरी फुटतो किंवा दगड तरी दुखावतो. म्हणून सरस वापरण्यात आला. दगडावर मातीचा थर देऊन त्यावर प्लास्टरचे कवच करावयाचे, मग माती काढून त्या पोकळीत पातळ सरस ओतावयाचा. थिजलेला सरस लवचीक असल्याने कोनाकोपऱ्यांतून सुटून येतो. अर्थात उष्ण व दमट अरण्यात सरस थिजविणे हेच मोठे कष्टाचे काम होते.

त्या काळी लेखांतील तिथ्या वाचता येत. राजाचे नाव कोणास वाचता येत नव्हते. क्नोरोझोव यांनी 1952मध्ये लिपीतील ध्वनिचिन्हांचा विचार मांडला, आणि प्रोस्कुरियाकोफ यांनी 1960मध्ये हे लेख राजांच्या चरित्रांचे असल्याचे दाखविले. तेव्हा प्रदर्शनासाठी घेतलेले साचे पुढे, घेणाऱ्यांच्या कल्पनेत नसलेल्या प्रश्नांना उपयोगी पडण्याजोगे ठरले.

कारण मूळ स्मारके मध्यंतरी तशीच राहिली नाहीत. 'ई' स्तंभ 1917मध्ये कोसळला. 1934मध्ये तो उभा करताना पोलादी दोर तुटून त्याचे दोन तुकडे झाले व ते नंतर काँक्रीटने जोडावे लागले. पाऊस, शेवाळ व पूर यांनी उघड्या दगडावरील बारीक रेषा झिजल्या आहेत. बॅल्बोआ उद्यानातील प्रत ही या अपघातापूर्वीची असून तिच्यावर पाऊस पडलेला नाही. मूळ नगर 1981पासून जागतिक वारसा आहे, तरी झिजलेल्या चिन्हासाठी अभ्यासकाला कधीकधी प्रतिकृतीकडेच वळावे लागते, हे काहीसे विचित्र खरे.

तथापि प्रतिकृतीला मूळ मानणेही योग्य नव्हे. सरस वाळताना आकसतो. तुकड्यांच्या सांध्यांवर कारागिराचा हात फिरतो. आणि ज्या खाचा साच्याच्या वेळीच झिजलेल्या होत्या, त्या प्रतीतही पुसटच उतरतात. कोपऱ्यातील एखादी रेषा दगडाची की कारागिराची, हे केवळ त्या प्रतीकडे पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी आल्फ्रेड मॉड्स्ले यांनी त्याआधी सुमारे 30 वर्षे, 1883मध्ये, किरिग्वा येथे घेतलेली छायाचित्रे व साचे हाताशी हवेत. दोन्ही साधनांत एखादी रेषा सारखीच दिसल्यास ती दगडावर होती असे धरता येते. न दिसल्यास त्या चिन्हाचे वाचन संशयितच ठेवावे लागते.