अश्वदंतचिकित्सा व अश्वसंगोपन

घोड्याचे दात, हिरड्या व जबडे यांची तपासणी, त्यांतील विकारांचे निदान आणि त्यांवरील उपचार यांना अश्वदंतचिकित्सा म्हणतात. ही पशुवैद्यकाची एक शाखा असून घोड्याच्या संगोपनाशी तिचा निकटचा संबंध आहे. घोड्याचे दात हिरडीतून आयुष्यभर हळूहळू वर सरकत असतात व वैरण चावताना तितक्याच प्रमाणात झिजत असतात. मोकळ्या कुरणात दिवसभर चरणाऱ्या घोड्यात वाढ व झीज यांचा समतोल बहुधा आपोआप राखला जातो. ठाणावर बांधलेल्या, चंदी खाणाऱ्या व लगाम चढविलेल्या घोड्यात मात्र तो बिघडतो. हा बिघाड माणसाने घोडा पाळल्यामुळे होत असल्याने त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही मालकावरच येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात अश्ववैद्यकाची परंपरा प्राचीन असून तिचे आद्यत्व शालिहोत्र यांच्याकडे देण्यात येते. नकुलाच्या नावावर असलेला अश्वचिकित्सित व जयदत्तकृत अश्ववैद्यक हे या विषयावरील प्रसिद्ध संस्कृत ग्रंथ होत. दातांवरील खुणांवरून घोड्याचे वय ओळखण्याचे ज्ञान या परंपरेत होते.

महाराष्ट्रात अश्वसंगोपनाला मराठ्यांच्या घोडदळामुळे विशेष महत्त्व आले. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार होय. सभासद बखरीतील वर्णनानुसार शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे व प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी व खुरांची निगा या दोन गोष्टी सैन्याच्या रचनेतच अंतर्भूत होत्या. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतण्यापूर्वी घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे व गवताने शाकारलेले तबेले तयार ठेवण्याची पद्धतही याच बखरीत नोंदविलेली आहे.

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो रायगड किल्ला व त्याच्या पायथ्याची हिरकणीवाडी, पाचाड ही गावे महाड तालुक्यात आहेत. महाड व त्याला लागून असलेला पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील डोंगराळ तालुके असून तेथे वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात चार महिने घोड्याला बाहेर चरण्यास फारसा वाव मिळत नाही व साठविलेल्या वैरणीवरच त्याला जगवावे लागते. ही अडचण जुनीच आहे. याच डोंगररांगेच्या दक्षिणेस असलेल्या चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना १६७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा व वैरण आधीच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील व त्यांच्या मृत्यूचा दोष अधिकाऱ्यांवर येईल, अशी ताकीद त्यात दिलेली आहे. गवताच्या गंजीजवळ विस्तव वा उघडा दिवा असू नये, अशीही सूचना त्यात आहे.

आधुनिक पशुवैद्यकाचे शिक्षण मुंबई राज्यात १८८६ मध्ये परळ येथील मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात सुरू झाले. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपूर येथे २००० मध्ये स्थापन झाले. घोडा, गाढव व खेचर यांवरील संशोधनासाठी हरियाणातील हिस्सार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. आज हिरकणीवाडीहून रायगडावर जाण्यासाठी रज्जुमार्गाची सोय आहे. जिल्ह्यात कष्टाचे घोडे मुख्यत्वे उत्तरेकडील माथेरानला दिसतात. तेथे मोटारगाड्यांना बंदी असल्याने प्रवासी व सामान यांच्या वाहतुकीसाठी घोडे वापरले जातात व अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालतो. अशा कुटुंबाच्या दृष्टीने घोड्याचे तोंड निरोगी असणे ही केवळ हौसेची बाब नसते.

दातांची रचना : पूर्ण वाढ झालेल्या नराला सामान्यतः ४० व मादीला ३६ दात असतात. पुढे वैरण तोडणारे १२ कृंतक व मागे ती दळणाऱ्या २४ दाढा (१२ उपदाढा व १२ दाढा) असतात. नरात यांखेरीज ४ सुळे असतात. मादीत ते बहुधा नसतात किंवा अगदी लहान असतात. काही घोड्यांत पहिल्या मोठ्या उपदाढेपुढे एक लहान अवशेषी दात आढळतो. कृंतक व दाढा यांमधील मोकळ्या जागेत लगामाची कडी बसते. दुधाचे दात २४ असतात.

कोवळ्या वयात दाढेची एकूण लांबी ७ ते १० सेंमी. असते, परंतु तिचा बराचसा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो. दरवर्षी सु. २ ते ३ मिमी. दात वर येतो व तितकाच झिजतो. हा साठा संपत आला की म्हातारपणी दाढा सैल होऊन गळतात. एनॅमल, दंतिन व सिमेंट हे कमीअधिक कठीण थर दाढेच्या पृष्ठावर एकमेकांत गुंतलेले असतात. ते असमान झिजत असल्याने तिचा पृष्ठभाग जात्याच्या टाकी लावलेल्या पाळीसारखा खरबरीत राहतो.

वय ओळखणे : कायमचे मधले कृंतक सु. अडीच वर्षांनी, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांनी व कोपऱ्यातील साडेचार वर्षांनी येतात. पाचव्या वर्षी घोड्याचे तोंड पूर्ण झाले असे मानतात. खालच्या कृंतकांच्या माथ्यावरील खळगे सु. सहाव्या ते आठव्या वर्षांदरम्यान मधल्या दातांपासून कोपऱ्याकडे या क्रमाने नाहीसे होतात. वरच्या कोपऱ्यातील कृंतकाच्या बाहेरील बाजूवर सु. दहाव्या वर्षी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत व विसाव्या वर्षी खालच्या कडेपर्यंत पोहोचते. तिला सिडनी गॅल्व्हेन या एकोणिसाव्या शतकातील अश्वशिक्षकाचे नाव आहे. मात्र आहार, जात व सवयी यांनुसार झीज बदलते. म्हणून आठ-नऊ वर्षांनंतरचे अनुमान ढोबळ समजावे. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांवर कृत्रिम खळगे कोरून ते डागण्याची लबाडीही फार पूर्वीपासून चालत आली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांत घोडा विकत घेताना केवळ विक्रेत्याच्या सांगण्यावर न विसंबता पशुवैद्याकडून संपूर्ण तोंड तपासून घेणे हितावह ठरते.

विकार व त्यांची कारणे : घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. लांब गवत चघळताना खालचा जबडा आडवा भरपूर फिरतो व दाढा पूर्ण रुंदीभर घासल्या जातात. चरणारा घोडा दिवसाचे दहा ते सोळा तास चरण्या-चावण्यात घालवितो. चंदी मात्र थोड्या वेळात, जबडा फारसा आडवा न फिरविता खाल्ली जाते. त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरील व खालच्या दाढांच्या आतील कडा झिजत नाहीत व तेथे सुरीसारखी धारदार टोके तयार होतात. वरची टोके गालाला व खालची जिभेला जखमा करतात. मोहरकीचा नाकावरील पट्टा घट्ट आवळल्यास गाल या टोकांवर दाबला जाऊन वेदना अधिक वाढतात. लगामाला न जुमानणारा, डोके झटकणारा किंवा एकाच बाजूला वळण्यास नाखूश असणारा घोडा पुष्कळदा खोडकर नसून दुखण्याने त्रस्त असतो.

समोरचा दात पडलेला असल्यास त्याच्यासमोरील दाढ झिजेअभावी उंच वाढते. दातांमधील फटींत वैरण अडकून कुजते व हिरड्यांना सूज येते. अडीच ते चार वर्षांच्या शिंगरात दुधाच्या उपदाढांचे अवशेष टोपीसारखे नव्या दातांवर अडकून राहतात. वरच्या मागील दाढांची मुळे कवटीतील वायुकोटरांलगत असल्याने तेथील पू एका नाकपुडीतून दुर्गंधियुक्त स्रावाच्या रूपाने बाहेर येतो.

लक्षणे : अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे तोंडातून खाली पडणे, लीदेत अखंड दाणे व लांब काड्या दिसणे, खाताना मान तिरपी करणे, थंड पाणी पिण्यास कचरणे, लाळ गळणे, तोंडाला दुर्गंध येणे, जबड्याखाली वा गालावर गाठ येणे आणि पुरेसा आहार असूनही रोडावणे ही प्रमुख लक्षणे होत. दुखत असतानाही घोडा पुष्कळ काळ खात राहतो. त्यामुळे ‘खातो म्हणजे दात चांगले आहेत’ हा समज धोकादायक आहे. नीट न चावलेल्या वैरणीमुळे अन्ननलिकेत बोळा अडकणे व पोटशूळ उद्‌भवणे शक्य असते. घोड्याला उलटी करता येत नसल्याने हे दोन्ही विकार प्राणघातक ठरू शकतात.

एका नाकपुडीतून स्राव येणे हे दंतविकाराप्रमाणेच ग्लँडर्स या जंतुजन्य रोगाचेही लक्षण असू शकते. हा रोग माणसालाही होतो व कायद्यानुसार त्याची सूचना शासनास द्यावी लागते. म्हणून असा घोडा इतरांपासून वेगळा ठेवावा, त्याचे पाण्याचे भांडे व तोबरा दुसऱ्या घोड्यास वापरू नये आणि पशुवैद्याने रक्ततपासणी केल्यावरच निदान निश्चित मानावे.

उपचार : पशुवैद्य प्रथम घोड्यास सुस्त करणारे औषध टोचतो, तोंड धुतो, जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवितो आणि उजेड व आरसा यांच्या साहाय्याने प्रत्येक दाढ तपासतो. धारदार कडा लांब दांड्याच्या कानसेने किंवा यांत्रिक उपकरणाने घासून बोथट करतात. दाढेचा माथा गुळगुळीत करणे हा यामागील हेतू नसतो. जास्त घासल्यास दळण्याचा पृष्ठभाग नष्ट होतो व दाताचा मगज उघडा पडतो. फार उंच वाढलेली दाढ एकाच वेळी न कापता काही महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने कमी करतात. सैल वा कुजलेला दात काढताना भूल व वेदनाशामक औषध आवश्यक असते.

घोडा दोरांनी पाडून छिन्नी-हातोडीने दात तोडण्याची जुनी रीत क्रूर असून तिने जबड्याचे हाड मोडण्याचा संभव असतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा असतो. नालबंदाचे कौशल्य खुरांपुरते अमूल्य आहे. परंतु तोंडातील शस्त्रक्रिया त्याच्याकडून करवून घेऊ नये. वेदनाशामकेही स्वतःच्या मनाने देऊ नयेत. गिधाडांना घातक ठरलेल्या डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी घालण्यात आली.

मालकाने घ्यावयाची काळजी : पाच ते पंधरा वर्षांच्या घोड्याचे तोंड वर्षातून एकदा, तर दोन ते पाच वर्षांच्या व म्हाताऱ्या घोड्याचे सहा महिन्यांनी तपासून घ्यावे. कोकणात ही तपासणी पावसाळ्यापूर्वी करणे सोयीचे असते, कारण नंतरचे चार महिने वाळलेल्या वैरणीवर काढावयाचे असतात. मालकाने स्वतः रोज लीद पाहावी, ठाणाखाली पडलेले वैरणीचे बोळे पाहावेत, तोंडाचा वास घ्यावा आणि गालांवरून बाहेरून हलके दाबून घोडा अंग चोरतो काय ते पाहावे. दाढांमध्ये बोटे कधीही घालू नयेत.

वैरण आहाराचा पाया असावी व चंदी पूरक म्हणून, थोडी थोडी विभागून द्यावी. वैरण शक्यतो जमिनीलगत ठेवावी. मान खाली असताना खालचा जबडा किंचित पुढे येऊन दाढा नीट जुळतात. भाताचा पेंढा कोकणात मुबलक असला, तरी तो कमी पोषक व सिलिकायुक्त असल्याने त्यावरच घोडा ठेवू नये. बुरशी आलेली वैरण टाकून द्यावी. दाढा गळलेल्या घोड्यास भिजवलेला कोंडा व मऊ आंबोण द्यावे.

दमट हवेत खुराच्या तळव्यास कुज लागते. म्हणून ठाण कोरडे ठेवून रोज खूर साफ करावेत व सु. सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलावेत. धनुर्वाताची लस न चुकता टोचून घ्यावी. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग पावसाळ्यात व त्यानंतर अधिक आढळतो. वारंवार येणारा ताप व पायांवरील सूज ही त्याची लक्षणे होत. निरोगी घोड्याचे तापमान ३७·५° ते ३८·५° से., नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ व श्वसन ८ ते १६ असते. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे मालकाला ठाऊक असावेत.

घोडा खूर आपटू लागला, कुशीकडे वळून पाहू लागला, लोळू लागला किंवा लीद बंद झाली, तर चारा काढून घ्यावा व पशुवैद्यास त्वरित बोलवावे. दोन्ही नाकपुड्यांतून लाळ व अन्न येत असल्यास चारा व पाणी दोन्ही बंद ठेवावे. अशा वेळी तोंडात तेल वा काढा ओतू नये. तो फुप्फुसांत जाऊन घोडा दगावतो. तट्टूवर लादावयाच्या ओझ्याची मर्यादा १९६५ च्या नियमांनुसार ७० किग्रॅ. आहे. चढणीच्या वाटेवर व आजारी घोड्याच्या बाबतीत ओझे याहूनही कमी ठेवणे इष्ट ठरते.

चांगल्या निगेने घोडा पंचवीस वर्षे व क्वचित त्याहून अधिक जगतो. त्याच्या दातांचा साठा जन्मतःच मर्यादित असतो व तो वाढविता येत नाही. तो समप्रमाणात झिजावा व अकाली वाया जाऊ नये, एवढेच माणसाच्या हाती असते. वर्षाकाठी एका तपासणीस लागणारा वेळ व खर्च हा कष्टाचा घोडा गमावण्याच्या नुकसानीपुढे अल्प असतो.