मागून येणाऱ्या गाडीची जोडणी

दिवाळी सरली कीं पुणें जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचीं धुराडीं धूर ओकूं लागतात, आणि बारामती, इंदापूर, दौंड या बाजूंचे रस्ते उसाच्या गाड्यांनीं भरून जातात. पुढें एक ट्रॅक्टर, त्याच्या मागें एक ट्रॉली, आणि पुष्कळदां तिच्याही मागें दुसरी. या ताफ्याच्या पाठीमागून ज्यांनीं प्रवास केला असेल त्यांनीं शेवटची ट्रॉली डावीउजवीकडे कशी झुलते हें पाहिलेंच असेल. शेजारून जाऊं पाहणारा दुचाकीस्वार त्या झुल्याचा अंदाज घेत थांबतो. कधीं तो अंदाज चुकतो, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. ओढणारी गाडी आणि ओढली जाणारी गाडी यांच्यामधील हातभर जागेंत काय घडतें, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयास अलीकडे आणखी एक निमित्त झालें आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण आंखलें. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचें घर; त्यांत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असते. कांहीं घरांना स्वतःचें इंजिन असतें, तर कांहीं मोटारीच्या मागें जोडून न्यावीं लागतात. परदेशांत स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक कुटुंबांना हा दुसरा प्रकार चांगला परिचयाचा आहे, आणि त्यांचीं छायाचित्रें इकडे येत असतात. अशींच छायाचित्रें पाहून एका पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, आपल्या मोटारीमागें असें घर जोडावयाचें झाल्यास जोडणी कोणती घ्यावी, आणि झुलणें आवरणारें कोणतें साधन उत्तम? प्रश्न बाजारहाटाचा दिसतो खरा. परंतु त्याचें उत्तर दुकानांत मिळत नाहीं. घरांत सामान कोठें ठेवलें आहे, येथून तें सुरू होतें.

आपल्याकडील जुन्या गाडीवानास ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. दोन चाकांच्या बैलगाडींत ओझें आंसाच्या मागें अधिक पडलें तर जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यास दोरीचा फांस बसतो. अशी गाडी ‘उलाळ’ झाली असें म्हणतात. उलट ओझें फार पुढें आलें तर तें सारें बैलांच्या मानेवर पडून त्यांचे खांदे सोलवटतात. म्हणून शहाणा गाडीवान गाडी किंचित् धुरेला जड भरी. किंचित् जड, फार नव्हे. या ‘किंचित्’चें मोजमाप करून अभियंत्यांनीं त्याला आंकडे दिले, एवढीच काय ती आधुनिक काळाची भर.

ते आंकडे असे. ओढावयाच्या घराच्या पुढील दांड्याच्या टोंकाला एक वाटी असते, ती मोटारीच्या मागील लोखंडी गोळ्यावर बसते. सामानासह घराचें जें एकूण वजन होईल त्याचा १० ते १५ टक्के भाग त्या गोळ्यावर यावा, असा अमेरिकेंतील संकेत आहे. म्हणजे १,५०० किलो वजनाच्या घराचा १५० ते २२५ किलो भार मोटारीनें उचलला पाहिजे. युरोपांत हें प्रमाण ५ ते ७ टक्के धरतात. कारण तेथील घरें हलकीं असून त्यांचें वजन मुळांतच आंसाजवळ एकवटलेलें असतें, आणि ओढतांना वेगाची मर्यादाही बहुधा कमी असते. एका देशाची मोटार, दुसऱ्या देशाचें घर आणि तिसऱ्याचा सल्ला, असा मेळ कोणीं घालूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांनीं तरफेचा नियम शिकलेला आहे. तो येथें लावून पाहावा. घराचा आंस गोळ्यापासून ४ मीटर मागें आहे असें धरूं. १०० किलो पाण्याची टांकी आंसाच्या पुढें १ मीटरवर ठेवली तर गोळ्यावरील भार २५ किलोनीं वाढतो. तीच टांकी आंसाच्या मागें २ मीटरवर ठेवली तर तो भार ५० किलोनीं घटतो. टांकी तीच, घर तेंच, आणि जागा बदलल्यानें ७५ किलोंचा फरक! मागच्या बाजूस सायकली टांगणाऱ्या हौशी मंडळींनीं हें गणित एकदां तरी सोडवावें.

आतां भार पुढें कमी पडला तर घर झुलतें कां? वाऱ्याच्या झोतानें किंवा खड्ड्यानें घराची शेपूट थोडी बाजूला सरते. चाकें तिला परत रेषेवर आणतात. पण वजन चाकांपासून दूर मागें असेल तर तें त्या रेषेवर थांबत नाहीं, पलीकडे जातें. मग पुन्हां अलीकडे. वेग कमी असतां टायर आणि रस्ता यांच्या घर्षणांत हे हेलकावे विरून जातात. वेग वाढूं लागला कीं हें विरणें मंदावतें, आणि एका ठराविक वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होऊं लागतो. झोपाळ्यास नेमक्या वेळीं हलकासा धक्का देत राहिल्यानें तो उंच जातो, तसाच हा प्रकार. येथें धक्का देण्याचें काम मोटारीची गतिच करीत असते. म्हणून ताशीं ६० किलोमीटरला गुण्यागोविंदानें चाललेलें घर ८० ला अकस्मात् बेफाम होऊं शकतें, आणि चालकाला वाटतें कीं रस्त्यानेंच दगा दिला. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गावर मोठी बस शेजारून गेली म्हणजे तिच्यापुढील हवा आपल्याला आधीं बाहेर लोटते व मग आंत खेंचते. झुल्याचा आरंभ होण्यास इतकें पुरेसें आहे.

गोळ्यावरील भार मोजणें घरीं शक्य आहे. स्नानगृहांत असतो तसला वजनकांटा इतकें वजन पेलत नाहीं. परंतु तरफ पुन्हां आपल्या मदतीस येते. एक भक्कम फळी घेऊन तिचें एक टोंक विटेवर व दुसरें ३ फुटांवर कांट्यावर टेकवावें, आणि विटेपासून १ फुटावर घराचा दांडा उभ्या टेकूनें फळीवर उतरवावा. कांटा खऱ्या भाराच्या एक तृतीयांश भार दाखवील. फळीचें व टेकूचें वजन अगोदर वजा करावें, आणि सामान प्रवासास निघतांना असेल तसें भरलेलें असावें, हें सांगणें नलगे. बाप व मुलगा मिळून अर्ध्या तासांत ही मोजणी करूं शकतात.

हें झाल्यावर मग दुकानाची पायरी चढावी. पहिली वस्तु गोळा. युरोपीय गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा असतो; अमेरिकेंत २ इंची, म्हणजे ५०·८ मिलिमीटरचा, अधिक प्रचारांत आहे. मधलें अंतर केंसाएवढें. पण ५० मिलिमीटरचा गोळा २ इंची वाटींत ढिला बसतो, आणि ढिली वाटी खड्ड्यांत उसळून निसटूं शकते. वाटीवर कोरलेला अंक व गोळ्यावरील अंक एकच आहे हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. दुकानदाराच्या “बसतें साहेब” यावर विसंबूं नये.

दुसरा प्रश्न, तो भार मोटारीच्या कोणत्या चाकांवर पडतो? मोटारीचे दोन आंस एकमेकांपासून २·८ मीटरवर आहेत आणि गोळा मागील आंसाच्या मागें १·४ मीटरवर आहे असें समजा. गोळ्यावर २०० किलो ठेवले तर पुढील चाकांवरील भार १०० किलोनीं उतरतो व मागील चाकांवर ३०० किलो वाढतात. जीं चाकें मोटारीस वळवितात तींच हलकीं झालीं. दिव्यांचा झोतही रस्ता सोडून झाडांवर गेला. याला उपाय म्हणून भार वांटणारी जोडणी मिळते. तींत दोन लवचिक पोलादी दांडे गोळ्याखालून निघून घराच्या सांगाड्याला साखळीनें ताणून बांधलेले असतात. ढकलगाडीचे दांडे उचलले म्हणजे तिचा भार पुढील चाकावर जातो, त्याच न्यायानें हे दांडे कांहीं भार मोटारीच्या पुढील चाकांकडे व कांहीं घराच्या चाकांकडे परत धाडतात. जड घराला ही जोडणी जवळजवळ अवश्य आहे. मात्र कांहीं मोटारींच्या पुस्तिकेंत ती लावूं नये असें स्पष्ट लिहिलेलें असतें, आणि ज्या पुस्तिकेंत ओढण्याच्या वजनाचा उल्लेखच नाहीं त्या मोटारीच्या मागें कांहीं न जोडणें बरें.

तिसरी वस्तु झुलणें आवरणारी. तिचे प्रकार अनेक आहेत. स्वस्तांत स्वस्त म्हणजे घर्षणाची दांडी. ती मोटार व घर यांना एका बाजूनें जोडते आणि तिच्यांतील पट्ट्या एकमेकींवर घासून हेलकाव्याची शक्ति खातात. मागें घेतांना ती काढून ठेवावी लागते, विसरल्यास वांकते. युरोपांत हेंच काम वाटीच्या आंतील पट्ट्या करतात. त्या गोळ्यालाच घट्ट धरतात, म्हणून त्या गोळ्याला वंगण लावावयाचें नसतें. साध्या गोळ्याला मात्र तें लावतात. नवा गोळा रंगविलेला आला असेल तर रंगही खरवडून काढावा लागतो. त्याहून महाग असा चार सांध्यांचा सांगाडा मिळतो; त्यानें घर वळण्याचा बिंदु जणूं मोटारीच्या मागील आंसापाशीं सरकतो, आणि शेपटीला मोटार ढकलण्यास वावच उरत नाहीं. अलीकडे विजेच्या यंत्रणाही निघाल्या आहेत, त्या हेलकावा ओळखून घराच्या चाकांना आपोआप ब्रेक लावतात. आमचें मत विचाराल तर मध्यम वजनाच्या घराला घर्षणाचा साधा प्रकार पुरे. जें घर दांडी काढल्यावर झुलतें तें दांडी लावल्यावर बरें झालें असें नव्हे. त्याचा झुलण्याचा वेग थोडा वर सरकला, इतकेंच. अशा घराचें सामान हलवावयाचें, आणि तेंही पुरलें नाहीं तर घरच लहान घ्यावयाचें.

साखळ्या दोन असाव्यात व दांड्याखालून एकमेकींना छेदून बांधाव्यात. गोळा निसटलाच तर दांडा त्या झोळींत पडतो, रस्त्यांत रुतत नाहीं. आणि चालत्या घरांत मुलांना केव्हांही बसूं देऊं नये, कितीही हट्ट केला तरी.

इतकें करूनही घर झुलूं लागलें तर? सुकाणूचें चाक उलटसुलट फिरवून झुलणें आवरण्याचा मोह होतो. त्यानें तें वाढतें. जोराचा ब्रेक लावल्यास घर मोटारीस ढकलूं लागतें. वेग वाढवून ताण द्यावा असें सांगणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांचें ऐकूं नये, कारण वेग हेंच मूळ आहे. चाक सरळ धरून पाय हळूहळू वर घ्यावा. घराला स्वतंत्र हातब्रेक असेल तर तेवढाच दाबावा. मग गाडी कडेला उभी करून सामान पुढें सरकवावें.

आतां उसाच्या ट्रॉलीकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं कॅराव्हॅन नसली तरी ट्रॅक्टर आहे. मोठी ट्रॉली बहुधा चार चाकांची असते. तिचीं पुढचीं चाकें जोडदांड्याबरोबर वळतात आणि हुकावर भार जवळजवळ पडतच नाहीं. त्यामुळें सामान पुढें सरकविण्याचा वरील उपाय येथें चालत नाहीं. येथें तीनच गोष्टी तारतात: वेग, ब्रेक आणि खिळीची घट्ट बैठक. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. दिवे घाटांतून हडपसरकडे उतरतांना ट्रॅक्टर थांबूं पाहतो, ट्रॉली थांबूं पाहत नाहीं, आणि कोपरांत हात दुमडावा तशी सारी जोडणी दुमडते. डिझेल वाचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोड अशा वेळीं जिवावर बेतते. पुण्यांत नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार अपघातांसाठीं सर्वांस ठाऊकच आहे.

दोन ट्रॉल्या जोडल्या म्हणजे काय होतें हें मुलांनीं मैदानावर पाहिलें आहे. हात धरून दहा मुलें धांवूं लागलीं आणि पहिल्यानें वळण घेतलें कीं शेवटचा फेंकला जातो. पहिल्या ट्रॉलीची खीळ बोटभर ढिली असेल तर दुसरी हातभर झुलते. खिळीऐवजीं सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घालण्याची चाल सर्वत्र आहे. एका खेपेपुरता, असें म्हणून घातलेला तो तुकडा चार महिन्यांचा हंगाम काढतो. खालच्या टोंकास अडसर असलेली, मापाची पोलादी खीळ घालावी, तिच्या जोडीला साखळी असावी, आणि मागच्या ट्रॉलीला तांबडी चकाकणारी पट्टी लावलेली असावी. हुकाचें भोंक झिजून लांबट झालें असेल तर वेल्डिंगवाला त्यांत नवी कडी बसवून देतो. हें काम दसऱ्यापूर्वीं उरकावें. कारखाना सुरू झाल्यावर त्याच्या दारांत ट्रॉल्यांची रांग लागते.