साखर आणि क्षय : आफ्रिकेतील दोन व्याधींचे साहचर्य

व्याधीचे नाव हे त्या व्याधीवरचे पहिले भाष्य असते. स्वाहिलीत मधुमेहाला ‘किसुकारी’ म्हणतात, तर क्षयाला ‘किफुआ किकुऊ’, म्हणजे छातीचे मोठे दुखणे. ‘किसुकारी’तील ‘सुकारी’ हा शब्द अरबी-फारसीमार्गे संस्कृत ‘शर्करे’पर्यंत पोहोचतो, मराठी ‘साखर’ त्याच कुळातली. मात्र हे दोन विकार एकाच देहात एकत्र येतात, ही गोष्ट यांपैकी कोणतेच नाव सांगत नाही.

सुझन सॉन्टॅग यांनी १९७८च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या ग्रंथात क्षय आणि कर्करोग यांवर लादलेल्या रूपकांची चिकित्सा केली. मधुमेहाला रूपकांची तशी समृद्ध परंपरा लाभली नाही. त्याला चिकटला तो एक वर्गवाचक समज. क्षय दरिद्री माणसाचा, मधुमेह सुखवस्तूचा. आफ्रिकेत ही विभागणी टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी नोंदलेल्या नैसर्गिक मृत्युकारणांत क्षय पहिला, तर मधुमेह दुसरा होता.

या साहचर्यामागील कार्यकारणभाव दुहेरी आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की जंतूंना गिळणाऱ्या पेशींचे आणि टी-पेशींचे कार्य मंदावते व सुप्त क्षय जागा होण्याचा संभव वाढतो. मधुमेहींमध्ये हा धोका इतरांच्या सुमारे दोन ते तीन पट मानला जातो. उलटपक्षी, क्षयाच्या दाहामुळेही साखर तात्पुरती वाढते. शिवाय क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव घटवते.

टांझानियातील म्वांझा येथील अभ्यासात (२०११) क्षयरुग्णांपैकी १६.७ टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्यांपैकी ९.४ टक्के व्यक्तींना मधुमेह आढळला. एचआयव्हीची बाधा नसलेल्यांत हा संबंध विशेष ठळक होता. दार-ए-सलाम येथील पुढच्या अभ्यासात मात्र उपचारांनंतर अनेकांची वाढलेली साखर उतरल्याचे दिसले. म्हणजेच एकाच तपासणीवरून माणसाला आयुष्यभराचा मधुमेही ठरवणे चूक; आणि तपासणीच न करणे त्याहून घातक.

येथे पुन्हा भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. युगांडात १९८०च्या दशकात एड्सला ‘स्लिम’ म्हणत. क्षय, एड्स आणि अनियंत्रित मधुमेह या तिन्हींत माणूस झिजतो. परंतु झिजलेल्या गरीब देहाकडे पाहून पहिल्या दोहोंचीच शंका येते, साखरेची येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये दोन्ही विकारांच्या परस्पर तपासणीची चौकट मांडली, ती हीच दरी सांधण्यासाठी. संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य हे वर्गीकरण ग्रंथालयाच्या मांडणीसारखे सोयीचे आहे. पण रुग्णाचा देह ते मानत नाही. तौलनिक अभ्यासकाला हा अनुभव अपरिचित नसावा.