मुलांचा घोळणा वारंवार फुटतोय? ‘उष्णता’ म्हणून सोडू नका, ॲलर्जी तपासा

पनवेल : सकाळी मुलाच्या उशीवर रक्ताचे डाग दिसले की घरात पहिला निष्कर्ष निघतो, ‘उष्णता वाढली’. मग सब्जा, गुलकंद सुरू होतो. मात्र हेच मूल उठल्याबरोबर शिंकत असेल, तळहाताने नाक चोळत असेल, तर मूळ नाकाच्या ॲलर्जीत असू शकते.

ॲलर्जीचा संबंध काय?
दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यावरचे आवरण अगदी पातळ असते. मुलांमधील बहुतांश रक्तस्राव इथूनच होतो. ॲलर्जीमुळे हे आवरण सुजते, नाक खाजते. मूल नाक चोळते, बोट घालते आणि घोळणा फुटतो. जखमेवर खपली धरते, ती खाजते, मूल ती काढते आणि पुन्हा रक्त येते.

पनवेलकरांनी काय जपावे?
बांधकामे आणि महामार्गांवरील धुळीने नाक चुरचुरते. पावसाळ्यात ओल्या भिंतींवर बुरशी येते. गाद्या-उशांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धुळीतील कीटक असतात. त्यामुळे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. अगरबत्ती, डासांची कॉइल आणि सिगारेटचा धूर मुलांपासून दूर ठेवा. नखे कापलेली असू द्या.

रक्त आले तर?
मुलाला बसवा, किंचित पुढे वाकवा. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग १० मिनिटे दाबा. मधे सोडून पाहू नका. श्वास तोंडाने घेऊ द्या. डोके मागे टेकवल्यास रक्त घशात जाऊन उलटी होऊ शकते. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नका.

उपचार कोणते?
रक्तस्राव वारंवार होत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सलाइनचे थेंब नाक ओलसर ठेवतात. ॲलर्जीचा स्प्रे दिला असल्यास त्याचे टोक मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला वळवा. चुकीच्या दिशेने मारलेल्या स्प्रेनेही रक्त येऊ शकते. नाक मोकळे करणारे थेंब मनाने देऊ नका.

तातडीने डॉक्टरांकडे कधी?
- नीट दाबूनही २० मिनिटांत रक्त थांबले नाही
- डोक्याला मार लागल्यानंतर रक्त आले
- अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त किंवा सोबत ताप असेल. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असते
- मूल २ वर्षांपेक्षा लहान असेल
- एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल; मणी, बटण किंवा बॅटरी अडकलेली असू शकते