जुळ्यांचा प्रसव आणि दुसरें बाळ

देवांचे वैद्य अश्विनीकुमार स्वतः जुळे. तरी सुनेच्या पोटांत जुळें आहे हें कळतांच आपल्या घरांत काळजी शिरते आणि वडीलधारीं मंडळी शस्त्रक्रियेचा आग्रह धरूं लागतात. हा आग्रह सर्वत्र सयुक्तिक नाहीं. पंचवीस देशांतील सुमारें २८०० गर्भवतींचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या बाळाचें डोकें खालीं असतां, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनें बाळें अधिक सुरक्षित राहिल्याचें त्यांत आढळलें नाहीं. मात्र नैसर्गिक प्रसूति योजिलेल्यांपैकीं सुमारें शेंकडा ४४ स्त्रियांवर अखेर शस्त्रक्रिया करावीच लागली. पहिलें बाळ आडवें असल्यास किंवा दोन्ही एकाच पाणपिशवींत असल्यास तर शस्त्रक्रियाच इष्ट.

खरी कसोटी पहिलें बाळ जन्मल्यावर लागते. दुसरें आडवें फिरूं शकतें, नाळ पुढें घसरते, क्वचित् वार अकालीं सुटते. म्हणून डॉक्टर त्याचे हृदयाचे ठोके सतत ऐकतात, सोनोग्राफीनें त्याची स्थिति पाहतात, प्रसंगीं त्यास वळवितात किंवा पाय धरून बाहेर काढतात. पुढें ताणलेलें गर्भाशय सैल राहून मातेस रक्तस्राव होण्याचें भय असतेंच.

१९२१ सालीं कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनीं नागपुरांत मातृसेवा संघ स्थापिला. बाळंतिणीजवळ शिकलेले हात हवेत, हेंच त्या कार्याचें मर्म. जुळ्यांसाठीं त्यांत भूलतज्ज्ञ, बालवैद्य आणि रक्त यांची भर घालावी. आमच्या रामदासपेठेंत दवाखान्यांची वाण नाहीं. परंतु नांव नोंदवितांना ‘दुसऱ्या बाळाच्या वेळीं हें सर्व हाताशीं असेल ना?’ एवढें अवश्य विचारावें.