पंच सोडून सगळ्यांनी पाहिलं

डब्लिनच्या पश्चिमेला इंचिकोर म्हणून एक भाग आहे. तिथे एमेट रोडवरच्या घरांच्या रांगेमागे रिचमंड पार्क हे मैदान जणू दडून बसलंय. बाजूनं कॅमॅक नावाची छोटी नदी वाहते. सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक या क्लबचं हे घर. शुक्रवारी रात्री पावणेआठला सामना सुरू होतो तेव्हा प्रेक्षक सीमारेषेच्या इतके जवळ असतात, की सहायक पंचाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार शब्द न् शब्द ऐकू यावा.

अशा मैदानावर गोल होतो. अर्ध्या स्टँडला तो ऑफसाइड वाटतो, उरलेल्या अर्ध्याला नाही. झेंडा खालीच राहतो, गोल मान्य होतो, खेळ पुन्हा सुरू होतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात, इंटरनेटवरचं प्रक्षेपण मागून धापा टाकत पोचलं, की कुणीतरी मोबाइल शेजाऱ्यापुढे धरतो, मग त्याच्या शेजाऱ्यापुढे. फोन हातोहात फिरतो. ज्याच्या हातात निकाल आहे तो माणूस मात्र वीस पावलांवर पाठ करून उभा असतो, आणि तो फोन बघण्याची त्याला मुभा नसते.

आयर्लंडच्या देशांतर्गत फुटबॉलमध्ये टीव्ही आणि पंच यांचं नातं साधारण या टप्प्यावर आहे.

लीग ऑफ आयर्लंड 1921 साली सुरू झाली. वयानं शंभरी ओलांडलेली असली तरी घरच्या वाड्यात हिचा मान पाहुण्यापेक्षा कमीच. आयरिश माणूस फुटबॉलवेडा खरा, पण त्याचा जीव मँचेस्टर आणि लिव्हरपूलमध्ये अडकलेला. पबमधल्या उंच स्टुलावर बसून इंग्लंडच्या क्लबला ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांना इथले मैदानावर जाणारे प्रेक्षक ‘बारस्टूलर’ म्हणून हिणवतात. आपल्या लीगला ते ‘द ग्रेटेस्ट लीग इन द वर्ल्ड’ म्हणतात. म्हणताना अर्धं हसू असतं, पण अर्धंच.

टीव्हीनंही या लीगला बराच काळ सावत्र वागवलं. सरकारी वाहिनी आरटीईनं 2008 साली ‘मंडे नाइट सॉकर’ हा कार्यक्रम सुरू केला. नावातच ग्यानबाची मेख होती: बहुतेक सामने शुक्रवारी, त्यांची क्षणचित्रं सोमवारी. शुक्रवारच्या वादावर सोमवारी चर्चा म्हणजे शिळ्या कढीला ऊत. तरी त्या कार्यक्रमानं एक गोष्ट केली. छोट्या मैदानांवरचे पंचांचे निर्णय दर आठवड्याला संथ गतीत, पुन्हा पुन्हा, साऱ्या देशापुढे येऊ लागले. 2014 पासून ‘सॉकर रिपब्लिक’नं तोच शिरस्ता पुढे चालवला.

खरा बदल आणला कोरोनानं. 2020 च्या उन्हाळ्यात रिकाम्या मैदानांवर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा फुटबॉल संघटनेनं, म्हणजे एफएआयनं, आरटीईला सोबत घेऊन ‘वॉचएलओआय’ ही पैसे भरून बघायची इंटरनेट सेवा उभी केली. पुढे त्याच वाटेनं ‘एलओआयटीव्ही’ आली. आता स्लायगोचा सामना सिडनीत बसलेला आयरिश माणूसही बघू शकतो. 2025 च्या हंगामात व्हर्जिन मीडिया या मोफत वाहिनीनं शुक्रवारच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण हाती घेतलं. प्रेक्षकही वाढलेत. 2023 च्या एफएआय कपच्या अंतिम सामन्याला अविवा स्टेडियममध्ये 43,881 लोक आले. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथेच बोहेमियन्स आणि शॅमरॉक रोव्हर्स यांचा लीगचा सामना झाला, त्याला 33,208. ज्या लीगला संघटनेचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी जॉन डिलेनी यांनी एकदा अवघड पोर म्हटलं होतं, तिच्यासाठी हे आकडे थोडे नव्हेत.

पोर वयात आलं, तसं त्याच्याकडे बघणारे डोळेही वाढले. पण हे डोळे नेमकं काय बघतात?

इंग्लिश प्रीमियर लीगच्या सामन्याला गोलमागे, कोपऱ्यात, दोन्ही ऑफसाइड रेषांवर कॅमेरे असतात. इथल्या साध्या इंटरनेट प्रक्षेपणाचा सगळा भार मध्यरेषेजवळच्या उंच कॅमेऱ्यावर. तो पेनल्टी बॉक्सकडे वळतो तेव्हा तिरका बघतो. गोलरेषेला समांतर ओढलेली रेषा पडद्यावर सरळ उभी दिसत नाही, कलते. मैदानाची रुंदी साधारण 68 मीटर. बचावपटू पलीकडच्या कडेला आणि आक्रमक अलीकडे असेल, तर कोण पुढे आणि कोण मागे याचा नुसत्या नजरेनं लावलेला अंदाज सहज चुकतो. त्यात वेळेचा घोळ. सेकंदाला 25 चित्रं असतील, तर सेकंदाला आठ मीटर वेगानं धावणारा खेळाडू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाईपर्यंत 32 सेंटिमीटर पुढे सरकतो. बचावपटू त्याच वेगानं उलट दिशेला धावत असेल, तर फरक 64 सेंटिमीटरचा. पासचा नेमका क्षण दोन चित्रांच्या मधे पडला, की पडद्यावर ‘ढळढळीत’ दिसणारा ऑफसाइड मुळात ऑफसाइड नसूही शकतो.

मोबाइल फिरवणाऱ्याला हे कोण सांगणार? आणि त्यानं ते का ऐकावं?

पंचांच्या चुका होतच नाहीत, असं नव्हे. होतात, आणि काही चांगल्याच महागात पडतात. पण इथला पंच पूर्ण वेळचा व्यावसायिक नाही. आठवडाभर नोकरी, शुक्रवारी दुपारी गाडी काढून गाव गाठायचं आणि रात्री अशा खेळाडूंमध्ये धावायचं ज्यांच्यातल्या अनेकांचा पोटापाण्याचा धंदाच फुटबॉल आहे. क्लब बऱ्याच अंशी व्यावसायिक झाले, प्रक्षेपण व्यावसायिक झालं, पंच तेवढा हौशी आणि व्यावसायिक यांच्या मधे लटकत राहिला. दर्जा घसरल्याची ओरड करणाऱ्यांनी आधी हे गणित मांडावं.

शिवाय चांगले पंच आभाळातून पडत नाहीत, ते गावच्या मैदानांवर घडतात. तिथली अवस्था भयंकर आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये मध्य आयर्लंडमधल्या एका हौशी सामन्यानंतर पंचाला गाडीतळावर गाठून बेदम मारलं गेलं, चेहऱ्याची हाडं मोडली. पुढे एका खेळाडूवर 40 वर्षांची बंदी आली. नोव्हेंबर 2022 मध्ये डब्लिनमधल्या लहान मुलामुलींच्या सामन्यांच्या पंचांनी शिवीगाळ आणि मारहाणीला कंटाळून शिट्टी खाली ठेवली, त्या शनिवार-रविवारचे सामने रद्द करावे लागले. बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात आईबापांच्या शिव्या खाऊन जो टिकेल, तोच उद्या इथल्या लीगच्या वरच्या गटात, प्रीमियर डिव्हिजनमध्ये पोचणार. बाकीचे केव्हाच घरी बसलेले असतात.

गंमत अशी, की व्हिडिओची मदत हवी म्हणून जगभर दिला जाणारा सगळ्यात गाजलेला दाखला आयर्लंडचाच आहे. 18 नोव्हेंबर 2009, पॅरिस. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत फ्रान्सच्या तिएरी ऑन्रीनं चेंडू हातानं अडवला, विल्यम गालासनं गोल केला आणि आयर्लंड बाहेर. स्वीडिश पंच मार्टिन हान्सन यांना हात दिसला नाही. टीव्हीसमोरच्या प्रत्येकाला दिसला. फिफानं नंतर एफएआयला 50 लाख युरो दिल्याचं 2015 मध्ये उघड झालं. पुढे व्हीएआर, म्हणजे पंचाला मदत करणारा व्हिडिओ पंच आला, 2018 मध्ये ते फुटबॉलच्या नियमावलीत शिरलं. हान्सन यांच्या स्वीडननं 2024 मध्ये ते आपल्या लीगमध्ये नको म्हणून सांगितलं, कारण प्रेक्षकांनाच ते नको होतं. आयर्लंडनं तसं काही ठणकावून नाकारलेलं नाही. पण 2025 च्या हंगामापर्यंत इथल्या लीगमध्ये ते आलेलंही नाही. प्रशिक्षित व्हिडिओ पंच, पुरेसे कॅमेरे, तंत्रज्ञ, दर सामन्याला हा सगळा लवाजमा रिचमंड पार्कमध्ये उभा करायचा, तर पैसा हवा आणि जागाही.

म्हणून फिफाच्या एका स्वस्त पर्यायाकडे छोट्या लीगचं लक्ष आहे. ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ हे त्याचं नाव. 2024 मध्ये कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील महिलांच्या वर्ल्ड कपमध्ये ते वापरलं गेलं. क्रिकेटच्या डीआरएसशी त्याचं नातं लगेच ओळखू येईल. वेगळा व्हिडिओ पंच नाही. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते. मग पंच स्वतः रेषेपाशी जाऊन, जेवढे कॅमेरे असतील तेवढ्यांचं चित्र बघतो. अर्थात कॅमेरा तिरका असेल, तर त्यालाही तिरकंच दिसणार.

तोवर आयरिश पंचांचं दोन जगांत राहणं चालू आहे. वेक्सफर्डच्या सहायक पंच मिशेल ओनील 7 जुलै 2019 रोजी ल्यॉनमध्ये महिला वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात झेंडा घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी मुख्य पंच स्तेफनी फ्रापार यांनी पडद्यावर चित्र बघून अमेरिकेला पेनल्टी दिली. महिनाभरानं इस्तंबूलमध्ये लिव्हरपूल आणि चेल्सी यांच्यातल्या युरोपच्या सुपर कपलाही याच दोघी पंचमंडळात होत्या. तिथे कानात यंत्र, पाठीशी व्हिडिओ कक्ष. आणि घरच्या लीगच्या शुक्रवारी? झेंडा, दोन डोळे आणि मागच्या रांगेत मोबाइल नाचवत ओरडणारा एक गृहस्थ.